खांबावरची पेटी

अण्णा,

गेवराईच्या स्टँडजवळ आपलं दुकान होतं तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा थांबत नाही, पण दर वेळी मान वर करून बघते. दुकानाच्या दारावर तुम्ही बसवलेला दिवा अजून आहे. त्याची केबल भिंतीवरून उतरते, दिव्याच्या खाली वीतभर लोंबते आणि मग वळून खालच्या अंगानं आत शिरते. त्या लोंबत्या वळणाला तुम्ही तारेचं पोट म्हणायचात. पावसाचं पाणी केबलवरून ओघळत येतं, पोटाच्या तळाशी थांबतं आणि तिथूनच खाली टपकतं, दिव्यात जात नाही. पुढे आयटीआयमध्ये सरांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, आकृती काढून घेतली. मी वहीत इंग्रजी नाव लिहिलं आणि मनात तारेचं पोट म्हटलं. बाकी पोरींना हसू आलं असतं म्हणून कुणाला सांगितलं नाही.

तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आई तुमच्या फोटोशी बोलते. गॅस संपला, शेजारच्यांनी भिंत वाढवली, असलं सगळं सांगते. मला ते कधी जमलं नाही. जो ऐकत नाही त्याला सांगणं मला खोटं वाटतं. तरी आज बसून लिहिते आहे, कारण गेल्या दिवाळीनंतर एका शाळेत तुमचं नाव घ्यावं लागलं, आणि ते कसं घेतलं हे कुठेतरी नीट मांडून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

हे काम मी पहिल्यांदा शिकले ते आपल्या स्वयंपाकघरात. मी लहान आहे, शाळेत नुकती पाढे पाठ करायला लागलेली. आईनं डाळ धुऊन ठेवली आहे आणि तुम्ही कुकरचं झाकण मांडीवर घेऊन बसला आहात. झाकणातली रबराची रिंग काढून तुम्ही माझ्या हातात देता. "हिच्यावर बोट फिरव. काय लागतंय?" मला काही लागत नाही. "डोळे मिट अन् फिरव." मग एका जागी वाळलेलं भाताचं शीत लागतं. "त्या शितानं काल सगळी वाफ सोडली. शीत केवढं, कुकर केवढा?" बाहेरच्या पेटीला झाकणाच्या कडेनं असंच रबर असतं, इथं वाफ आत धरायची आणि तिथं पाणी बाहेर ठेवायचं एवढाच फरक, असं तुम्ही सांगत होतात, तेवढ्यात आई म्हणाली, "ती रिंग ठेवा जागेवर. डाळ कच्ची राहिली तर तुमालाच वाढीन, पोरीला न्हाई." तुम्ही रिंग धुतलीत, पुसलीत आणि मला बसवायला दिलीत. शिट्टी होईपर्यंत मी ओट्यापासून हलले नाही. आत डाळ होती, पण मला वाटत होतं की शिट्टी झाली नाही तर काहीतरी फार मोठं बिघडेल आणि ते माझ्यामुळे बिघडलेलं असेल.

अशी मी होते आणि तशीच राहिले. दाराला कडी घातली तरी परत जाऊन बघायची. दप्तर भरलं तरी पुन्हा उपसायची. तुम्ही मला सुट्टीत कामावर नेऊ लागलात तेव्हा आईला वाटलं, पोरगी घाबरट आहे, चार ठिकाणी फिरेल तर धीट होईल. तुमच्या मनात काय होतं ते तुम्ही कधी बोलला नाहीत. गोदाकाठच्या एका मळ्यात विहिरीवर स्टार्टरची पेटी बसवायची होती. केबल पेटीत जिथे शिरते तिथे ग्लँड कशी बसवायची ते तुम्ही मला त्या दिवशी दाखवलंत: पेटीच्या तळाला भोक, भोकात ग्लँड, ग्लँडच्या पोटात रबर, आणि वरची चकती फिरवली की ते रबर केबलला चारी बाजूंनी धरतं. मी चकती आवळली, झाकण लावलं. मग तुम्ही मोटारीकडे गेलात आणि मी झाकण उघडून बघितलं. नीट होतं. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.

"कावून उघडलीस?"

"बघत होते, बसलंय का."

"मग, बसलं होतं का?"

"हो."

तुम्ही रबरावर बोट फिरवलंत आणि ते माझ्यासमोर धरलंत. बोटावर मळ्यातली माती. "आता न्हाई बसलेलं. तू उघडून बघती अन् दर बारीला धूळ आत घेती. एकदा पुसून नीट लाव अन् पाठ फिरव." आवाज चढलेला नव्हता. पण मळ्याचा मालक आणि त्याची बायको ऐकत उभे होते, आणि ती बाई हळूच म्हणाली, "आवो लेकरू हाय, दादा." त्यानं मला जास्त लागलं. रबर पुसून झाकण मी पुन्हा लावलं आणि खरोखरच पाठ फिरवून उभी राहिले, विहिरीकडे तोंड करून, तुमची अवजारं भरून होईपर्यंत. गेवराईत आल्यावर भजी घेतलीत आणि मिरची माझ्या कागदातून काढून तुमच्याकडे घेतलीत.

दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला बूट आणलेत. जाड रबरी तळाचे, काळे, पुरुषी. पाय वाढेल म्हणून मोठ्या मापाचे आणलेत, आणि पाय काही वाढला नाही. आई म्हणाली, "ह्ये काय, लगनात घालायचेत का?" तुम्ही म्हणालात, "घालू दे की. नवरदेवाला शॉक बसला तरी हिला बसनार न्हाई." आई हसली नाही, मग हसली. पुढच्या टोकात चिंध्या कोंबून मी ते बूट घालत असे आणि गल्लीतल्या पोरी मला फौजदार म्हणत. तुम्ही स्वतः आयुष्यभर चपलेवर काम केलंत. मी एकदा विचारलं तर म्हणालात, मला सवय हाय. ते उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मग तुमचं आजारपण. दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसायची आणि भिंतीवर दिव्याची केबल सरळ वरून खाली येऊन दिव्यात घुसलेली. डोळ्यांत पिवळेपणा आलेला असताना तुम्ही मला ती दाखवलीत. "पोट ठिवलं न्हाई बघ. पानी सरळ आत." नर्सबाईंनी विचारलं, काय म्हणतात बाबा, पोटात दुखतंय का? मी म्हटलं, नाही, समोरच्या केबलचं चाललंय. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

नंतर मी अंबाजोगाईला आयटीआय केलं, परवाना काढला. तिथे मला बरंच काही नव्यानं कळलं आणि काही गोष्टी उलट्या कळल्या. केबलच्या जाडीप्रमाणे ग्लँडचं माप ठरतं. माप मोठं असेल तर ग्लँड बदलायची. तुम्ही ग्लँड मोठी असली की केबलला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाडी वाढवायचात. सरांनी वर्गात असलीच एक पट्टी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, अशी जुगाडं करणारे लोक गावोगाव आहेत, त्यांच्या पेट्या उघडाल तेव्हा आधी देवाचं नाव घ्या. वर्ग हसला. मीही हसले असेन. पुढे काम करायला लागल्यावर तुमच्या काही जुन्या पेट्या माझ्या हाताखालून गेल्या. एका मळ्यातल्या पेटीत केबल वरून घातलेली निघाली. तुम्ही मला जे कधीच करू नको म्हणून बजावलं होतं, तेच. आत गंजाचा चिखल. घाई असेल, मालक अडून बसला असेल, पाइप कमी पडला असेल. मी ती बदलून दिली. पण त्यानंतर तुमचं नाव कुणी आदरानं काढलं की मी आतून जरा बाजूला सरकायला लागले. आपल्या माणसाचं म्हणून चांगलं म्हणायचं, हे मला नको होतं.

ती शाळा गेवराईहून चकलांब्याकडे जाताना एका फाट्यावर आत आहे. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, आणि मागं राहिलेल्या पोरांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं. अंगणात पाण्याचे नळ आहेत, नळांशेजारी लोखंडी खांब, खांबावर दिवा आणि छातीएवढ्या उंचीवर पत्र्याची पेटी. बोअरची मोटारही त्याच पेटीतून चालते. पेटी तुमच्या हातची. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका पोरीनं तोंड धुताना खांबाला धरलं. धक्क्यानं ती मागे फेकली गेली. कोपर खरचटलं, डॉक्टरांनी तपासलं, बाकी काही झालं नाही. मुख्याध्यापकांनी मेन स्विच बंद केलं आणि मला फोन केला; पेटी तुमच्या हातची आहे हेही फोनवरच सांगितलं.

मी पोहोचले तेव्हा फाटकाशी आईबाप उभे होते. टोळ्या न्यायला ट्रॅक्टर संध्याकाळी येणार होते. एक जण मोठ्यानं म्हणत होता, "पोरं संगंच नेतो मग. उसाच्या फडात निदान खांब तर न्हाईत." शाळा समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या कपड्यातले, मोठ्या जमिनीचे, गावात शब्द चालणारे, सगळ्यांना हातानं शांत करत होते. "कुनीबी पोरं न्यायची न्हाईत. आज सांजच्याला लाइट चालू हुनार. अन् ज्येची चूक निघंल त्येला ह्या आवारात पाय ठिवू देनार न्हाई. मग तो कुनीबी असो." मग त्यांनी मला पाहिलं. "ह्या कोन?"

मुख्याध्यापकांनी सांगितलं. तुमचं नाव सांगितलं आणि मी तुमची मुलगी असं सांगितलं.

"म्हंजी बापाचं काम लेक तपासनार? मग बाप पासच हुनार की."

"परवाना आहे हो तिच्याकडे," मुख्याध्यापक म्हणाले.

"परवाना हाय, पन रगत बी हाय ना."

लोक हसले. मी मेनचा फ्यूज काढून कुर्त्याच्या खिशात टाकला, तुम्ही टाकायचात तसा, आणि खांबाकडे गेले. पुरुष मंडळी मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला बसली.

खांबापाशी वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी होत्या. साठीच्या पुढच्या, काटक, पदर खोचलेल्या. धक्का बसलेली पोर त्यांचीच नात. मुलगा आणि सून तोडीला जातात, घराला पत्रे राहिलेले नाहीत, तेव्हा हंगामभर नातीसकट त्या शाळेच्याच एका खोलीत राहतात. पोर कोपराला पट्टी लावून पायरीवर बसली होती. मी तिला विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, "खांबानं ढकललं मला." मावशी म्हणाल्या, "तू त्येला काय म्हनली हुतीस ते सांग आधी." पोर हसली. मलाही जरा सुटल्यासारखं झालं.

पेटीखाली गुडघ्यावर बसून मी आधी अर्थिंगची पट्टी बघितली. जमिनीलगत गंजून तुटलेली. म्हणजे खांबात वीज उतरली तरी तिला जमिनीत जायला वाट नव्हती. ही एक गोष्ट. आता वीज खांबात उतरली कशी, ही दुसरी. तळाची ग्लँड बाहेरूनच दिसत होती, मोठ्या मापाची, आणि तिच्यातून सायकलच्या ट्यूबची काळी कड डोकावत होती. मी मनात म्हटलं, हेच.

मग झाकण उघडलं. ग्लँडच्या आतल्या अंगाला बोट लावलं. कोरडं. ट्यूबची पट्टी कडक झाली होती, पण तडा नव्हता. चकती सैल करून पट्टी उलगडून पाहिली. खाली केबल नव्यासारखी, धूळसुद्धा नाही. एवढी वर्षं तिथून एक थेंब आत गेला नव्हता. पाणी आलं होतं ते वरून. झाकणाच्या वरच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, रबरावर दोऱ्यांचा एक गुंता दबलेला होता. पिवळे, हळदीनं आणि झेंडूनं रंगलेले दोरे, एकावर एक, जुने खाली आणि नवीन वर. त्यांची बाहेरची टोकं पेटीवर लोंबत होती आणि आतली टोकं नेमकी वायरींच्या जोडणीवर. समईतली वात तेल ओढते तसं ते दोरे पावसाचं पाणी आत ओढत होते. जोडणीपासून पेटीच्या बोल्टापर्यंत गंजाची एक तांबडी रेघ उतरली होती, आणि तो बोल्ट खांबात.

मावशी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "त्यो माजाच हार हाय," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला समदे आपापल्या अवजाराला घालतेत. तुज्या बापाच्या पेटीला कोन घालनार? म्हनून म्या घालते दरसाल. वाऱ्यानं उडू नये म्हनून दोरा झाकनात दाबते, पक्का ऱ्हातो." थोडं थांबून म्हणाल्या, "माज्या पोराची मोटार जळाली हुती तवा तुज्या बापानं उपाशी बसून बांधून दिली. भाकर दिली तर म्हनला, आधी मोटार." हे सांगताना त्यांच्या हातात नातीचा ओला फ्रॉक होता आणि तो त्या पिळत होत्या.

मी दोरे ओढून काढले आणि मुठीत धरले. मला दुसरं काही सुचत नव्हतं असं नाही. सुचत होतं, आणि फार स्पष्ट. खरं कारण सांगायचं तर दोरा दाखवावा लागणार, आणि दोरा दाखवला की अध्यक्ष विचारणार कुणाचा, आणि मावशी माझ्याआधी सांगून टाकणार की माझा. मग त्यांची चूल जाणार, खोली जाणार, आणि त्यांच्याच हारानं त्यांच्याच नातीला धक्का बसला हे त्यांना कळणार. ते अजून त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं, किंवा मला तसं वाटलं. तुम्हाला आवारातून कोण काढणार होतं?

मंडळी बाहेर आली. अध्यक्षांनी विचारलं, "काय निघालं?"

मी म्हटलं, "अर्थिंग तुटलंय. आणि पेटी जुनी झालीय. आमच्या अण्णांनी ग्लँड मोठ्या मापाची वापरली होती, तिथून पाणी आत गेलं."

मावशी पुढे झाल्या. "न्हाई. त्येचं काम आसं नसतंय. पोरी, नीट बघ एकदा."

"बघितलंय, मावशी."

"लई जपून करायचा त्यो. नीट बघ म्हनते ना."

"मावशी, मी बघितलंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं बघत होत्या. बापाच्या माघारी लेक त्याचं नाव खराब करते आहे, आणि तेही चारचौघांत, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. अध्यक्षांनी मात्र मान हलवली. "पोरगी खरी हाय बरं का. बापाचं हाय म्हनून झाकलं न्हाई. आसं मानूस पायजे." आणि फाटकाकडे जाऊन त्यांनी आईबापांना तेच सांगितलं, जास्त मोठ्या आवाजात, तुमचं नाव घेऊन.

दुपारभर मी काम केलं. अर्थिंग नवीन केलं. पत्र्याची पेटी उतरवून जाड प्लास्टिकची लावली, तिचं झाकण चारी कोपऱ्यांत स्क्रूनं आवळायचं, म्हणजे कडेला काही दाबून ठेवायला जागाच नाही. केबल खालून, बरोबर मापाच्या ग्लँडमधून, आधी पोट ठेवून. मेनवर असं स्विच बसवलं की वीज जराशी वाट चुकली तरी ते पडतं. शेवटी खांबावर बादलीनं पाणी ओतलं, वीज कुठे गळते का ते मेगर लावून तपासलं, आणि मग स्वतः हातानं धरून उभी राहिले, पोरांना दिसेल असं. संध्याकाळी ट्रॅक्टर आले, आईबाप गेले, पोरं राहिली. निघण्याआधी स्वयंपाकखोलीच्या भिंतीला मी एक लाकडी खुंटी ठोकली आणि मावशींना म्हटलं, हार आता इथे घालत जा, नवीन पेटीला डाग पडतात. त्यांनी खुंटी हलवून पाहिली. पोरीनं मला टाटा केलं.

त्याचे परिणाम मी धरले होते त्याच्या उलटे झाले. मला वाटलं होतं, बापाचंच असं तर लेकीचं काय, असं म्हणून कामं सुटतील. झालं असं की ही बाई बापाचीसुद्धा चूक सांगते म्हणून लोक मुद्दाम मला बोलवायला लागले. त्या गावात तुमच्या आणखी पेट्या होत्या. लोकांनी मला बोलावून त्या काढून टाकायला सांगितल्या. मी उघडून दाखवायचे, कोरडी आहे, चांगली आहे, राहू द्या. ते म्हणायचे, नको, काढाच, तुमीच म्हनला हुता. मी काढल्या. त्यातल्या बहुतेक धडधाकट होत्या. दोन-तीन ठिकाणी झाकणात दोरे निघाले. तिथे मी घरच्या माणसांना एकेकट्याला, नीट समजावून सांगितलं, दोरा झाकणात दाबू नका, पाणी ओढतो. दुसऱ्या गावांमध्ये तर आता मी झाकण दाखवूनच सांगते. फक्त त्या शाळेत सांगितलेलं नाही.

परवा, दसरा तोंडावर आला तेव्हा, मावशींचा फोन आला. मुलाच्या फोनवरून.

"हार खुंटीलाच घालायचा नव्हं?"

"हो, खुंटीला."

"पेटीला न्हाई."

"नाही, मावशी."

"बरं." मग म्हणाल्या, "ती जुनी पेटी टाकून तर दिली न्हाईस?"

मी म्हटलं, नाही, घरी आहे. त्या म्हणाल्या, "ठिव." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि का विचारलं हे मी विचारलं नाही. त्यांना कळलं आहे की नाही, कळलं असेल तर त्या दिवशीच कळलं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला. उघडून बघण्यासारखं काही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि आई तुमच्या फोटोशी बोलते तेव्हा मी ते वाचूनही दाखवणार नाही. आईला शाळेतलं एवढंच माहीत आहे की खांब दुरुस्त झाला. पण एक गोष्ट वर लिहायची राहिली, आणि ती टाळून पत्र मिटलं तर वाचताना असं वाटेल की मी मावशींसाठी तुमचं नाव पुढे केलं. तुम्हीही ऐकून म्हणाला असतात, बरं केलंस. ग्लँड मोठी वापरली होती, तिथून पाणी आत गेलं, हे वाक्य मला पेटीपाशी सुचलेलं नाही. त्या सकाळी गेवराईतून निघाल्यापासून, गाडीवर, मी ते जुळवत होते. चकलांब्याच्या रस्त्यावर कुणी नव्हतं तेव्हा दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं, आवाज कापतो का ते बघायला. तेव्हा मी ती पेटी पाहिलीही नव्हती.